मानकाच्या गप्प बसण्यावर एवढा राग कशाला?

पॉझिक्स हे ऑपरेटिंग सिस्टीमसाठीचे मानक कसले, पळवाटांचे गाठोडे आहे, असा आक्षेप प्रोग्रॅमिंग करणाऱ्या मंडळींत अलीकडे फार ठासून मांडला जातो. पुरावा म्हणून दर वेळी सेमाफोर पुढे केला जातो. दोन वेगळ्या प्रोसेसना एकच सेमाफोर वापरायचा तर दोघींनी तो एकाच नावाने उघडायचा, इतका साधा मामला. पण ते नाव मशीनवर कुठे ठेवायचे, किती लांब असू द्यायचे, मध्येच तिरपी रेघ आली तर तिचे काय करायचे, यांपैकी कशाचेही उत्तर मानक देत नाही. ज्याने त्याने ठरवावे म्हणते आणि मोकळे होते. मग लिनक्सवर नाव एका डिरेक्टरीत, फ्रीबीएसडीवर दुसरीत, मॅकवर तर शोधून सापडत नाही. त्यात मॅकवर बिननावाचा सेमाफोर मुळी चालतच नाही, तरीही ॲपलच्या खिशात युनिक्सचे प्रमाणपत्र आहे. असले मानक काय कामाचे? त्यापेक्षा जुना सिस्टीम फाइव्हचा सेमाफोर बरा. इथे आक्षेप संपतो.

यातली माहिती जवळजवळ सगळी खरी आहे. चुकला आहे तो निकाल. आणि तो चुकल्यामुळे मानकात जी उणीव खरोखर आहे, तिच्याकडे कोणी बघतच नाही. मला राग आहे तो या गोष्टीचा.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सेमाफोर म्हणजे पहाऱ्यावर बसवलेला एक आकडा. सामायिक वस्तूला हात लावण्याआधी प्रोग्रॅमने तो एकने कमी करायचा. आकडा शून्य असेल तर थांबायचे. काम झाले की एकने वाढवायचा, म्हणजे थांबलेल्यांपैकी कोणाला तरी वाट मिळते. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा याने १९६० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत ही कल्पना मांडली, १९६५ च्या टिपणात ती सविस्तर लिहिली आणि आइंडहोवनच्या टीएचई प्रणालीत चालवून दाखवली. त्याने ‘पी’ आणि ‘व्ही’ म्हटलेल्या क्रियांना पॉझिक्समध्ये ‘सेम-वेट’ आणि ‘सेम-पोस्ट’ म्हणतात. डाइक्स्ट्राच्या टिपणात सेमाफोर हे सरळ एक सामायिक व्हेरिएबल आहे. एकमेकींना न ओळखणाऱ्या दोन प्रोसेसनी तो नावाने हुडकून काढण्याचा प्रश्न तिथे येत नाही. हा प्रश्न पॉझिक्सला पडला, १९९३ साली, आयईईई १००३.१बी हा रिअल-टाइमचा जोडभाग मंजूर झाला तेव्हा.

त्या जोडभागाने ‘सेम-ओपन’ दिले आणि नावाबद्दल एक वचन दिले. नाव तिरप्या रेघेने सुरू होत असेल, तर तेच नाव देणाऱ्या सगळ्या प्रोसेसना तोच सेमाफोर मिळेल, जोवर ते नाव कोणी काढून टाकत नाही तोवर. वचन एवढेच. पहिल्या रेघेनंतर आणखी रेघा आल्या तर त्यांचा अर्थ काय, नावाची लांबी किती, सुरुवातीची रेघच नसली तर काय, हे अंमलबजावणी करणाऱ्याने ठरवायचे. आणि ते नाव फाइल म्हणून डिस्कवर किंवा इतरत्र दिसेल की नाही, हे अनिर्दिष्ट.

आक्षेप घेणारे नेमके इथे घसरतात. पॉझिक्सच्या भाषेत ‘अंमलबजावणीने ठरवलेले’ आणि ‘अनिर्दिष्ट’ हे एकाच गोष्टीसाठी वापरलेले दोन शब्द नाहीत. दोन्हींच्या व्याख्या मानकाच्या सुरुवातीलाच दिल्या आहेत आणि त्या कायदेशीर करारासारख्या वाचायच्या असतात. पहिल्या प्रकारात सिस्टीम बनवणाऱ्याला निवडीची मोकळीक आहे, पण काय निवडले ते लेखी जाहीर करण्याची सक्तीही आहे. दुसऱ्या प्रकारात जाहीर करण्याचीही सक्ती नाही, म्हणून प्रोग्रॅमने त्यावर विसंबायचेच नाही. म्हणजे लांबीची मर्यादा कंपनीने सांगितलीच पाहिजे. नाव कोणत्या डिरेक्टरीत ठेवले हे सांगितले नाही तरी तिचे काही चुकले नाही. यात हात झटकणे कुठे आले? सांगण्याची जबाबदारी कोणाची आणि न विचारण्याची कोणाची, हे दोन्ही ठरवून दिले आहे. आपण ते पान उघडत नाही. लिनक्सचे मॅन पेज वाचतो आणि त्यालाच पॉझिक्स समजतो.

आता वेगवेगळ्या सिस्टीमनी या मोकळिकीत काय केले ते जवळून बघू, कारण खरी गंमत तिथे आहे.

लिनक्सवर नेहमीची सी लायब्ररी म्हणजे जीलिबसी. तुम्ही ‘/भांडार’ नावाचा सेमाफोर मागितला की ती डेव्ह-एसएचएम या डिरेक्टरीत ‘सेम.भांडार’ अशी फाइल करते. ही डिरेक्टरी मेमरीत असते, डिस्कवर नसते. मशीन बंद केले की सगळे साफ. फाइलच्या नावाची मर्यादा २५५, त्यातले चार बाइट ‘सेम.’ या पुढच्या जोडाने खाल्ले, म्हणून तुमच्या वाट्याला २५१. (नाव देवनागरीत दिले तर एका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, हे लक्षात ठेवा.) फाइल तयार करतानाची हुशारी मला विशेष आवडते. आधी कोणाला माहीत नसलेल्या भलत्याच नावाने फाइल करायची, तिच्यात सुरुवातीचा आकडा भरायचा आणि मग एका झटक्यात खऱ्या नावाशी तिची लिंक जोडायची. त्यामुळे अर्धवट भरलेला सेमाफोर दुसऱ्या प्रोसेसच्या हाती कधीच लागत नाही. एकदा उघडल्यावर कर्नलला फारसा त्रासही नाही. गर्दी नसेल तर सेम-वेट हे काम मेमरीतल्या मेमरीत उरकते, कर्नलचे दार वाजवत नाही. थांबायची वेळ आली तरच फ्यूटेक्स या कर्नलच्या सोयीचा आधार.

त्याच लिनक्सवर, पण अल्पाइनसारख्या वितरणात, सी लायब्ररी असते मसल. ती त्याच डिरेक्टरीत जाते, पण ‘सेम.’ हा जोड लावत नाही. फाइलचे नाव नुसते ‘भांडार’. म्हणजे एक कंटेनर डेबियनचा, दुसरा अल्पाइनचा, दोघांना डेव्ह-एसएचएम सामायिक करून दिली आणि दोघांनी तेच नाव मागितले, तरी दोघे वेगवेगळ्या फाइलींकडे बघत बसतील. कर्नल एक, डिरेक्टरी एक, नाव एक, आणि सेमाफोर मात्र दोन. शिवाय मसलमध्ये सामायिक मेमरीचे नाव आणि सेमाफोरचे नाव एकाच खणात पडते. दोन्हींना ‘भांडार’ म्हणालात तर टक्कर. हा किस्सा आक्षेप घेणाऱ्यांच्या हाती लागला की ते तो झेंड्यासारखा मिरवतात. पण वचन मोडले कोणी? मानकाच्या दृष्टीने लायब्ररी आणि कर्नल मिळून एक अंमलबजावणी होते. दोन लायब्रऱ्या म्हणजे दोन अंमलबजावण्या, आणि दोन अंमलबजावण्यांमध्ये नाव जुळेल असे वचन मानकाने कधीच दिले नव्हते. कंटेनरच्या सोयीमुळे आपण दोन घरे एका छपराखाली आणली. १९९३ च्या कागदाला त्याचा दोष देता येणार नाही.

फ्रीबीएसडीने आधी हे काम कर्नलच्या एका मॉड्यूलकडे दिले होते. पुढे ९.० या आवृत्तीपासून ते सी लायब्ररीत आणले; आता फाइल टेम्प डिरेक्टरीत ‘सेमडी’ या जोडाने होते. ओपनबीएसडीचा स्वभाव मुळात संशयी. तो तुमच्या नावाचा एसएचए-२५६ हॅश काढून त्याच नावाची फाइल टेम्पमध्ये ठेवतो, म्हणजे नावात काहीही वेडेवाकडे असले तरी पाथमध्ये घोळ होत नाही. क्यूएनएक्स ही जडवलेल्या यंत्रांसाठीची सिस्टीम; ती नावे ‘/डेव्ह/सेम’ खाली मांडते, आणि सुरुवातीची रेघ दिली नाहीत तर चालू डिरेक्टरीचा पाथ पुढे चिकटवते. मॅकमध्ये नाव कर्नलच्या स्वतःच्या वहीत राहते. लांबी ३१ बाइट. यादी मागायची सोयच नाही, म्हणून कुठला सेमाफोर मागे उरला आहे हे बाहेरून कळत नाही.

एका वचनाचे इतके अवतार. आक्षेप घेणाऱ्याला यात बजबजपुरी दिसते. मला दिसते ते असे की मानकाने डिरेक्टरी ठरवून दिली असती तर यातल्या निम्म्या सिस्टीम बाद झाल्या असत्या. रिअल-टाइमच्या जोडभागाचे गिऱ्हाईक कोण होते ते विसरू नका. विमानात, कारखान्यात, टेलिफोन एक्स्चेंजात बसणारी यंत्रे. त्यांच्यासाठी १९९८ साली निघालेल्या १००३.१३ या मानकातल्या सर्वांत लहान प्रोफाइलमध्ये फाइल सिस्टीमच नाही. ज्या यंत्रात एकही फाइल नाही, तिथे ‘सेमाफोरची फाइल अमुक डिरेक्टरीत ठेवा’ हा नियम लिहून काय साधले असते? आणि जीलिबसीची ती लिंकची हुशारी, ओपनबीएसडीचा हॅश, मॅकची कर्नलमधली वही, यांतले काहीही मग कोणाला करता आले नसते. १९९३ मध्ये सुचलेली एक पद्धत सगळ्यांच्या गळ्यात पडली असती.

‘पण माझी स्क्रिप्ट डेव्ह-एसएचएममध्ये जाऊन सेम. वाल्या फाइली पुसते, ती मॅकवर चालत नाही,’ अशी तक्रार मी ऐकली आहे. चालणार कशी? ती स्क्रिप्ट पॉझिक्सवर लिहिलेलीच नाही. नाव काढायला मानकाने सेम-अनलिंक दिले आहे. ते सोडून खिडकीतून आत शिरायचे आणि दुसऱ्या घराची खिडकी वेगळ्या भिंतीत आहे म्हणून घर बांधणाऱ्याला शिव्या द्यायच्या, हे बरे नव्हे.

आता प्रमाणपत्राचा मुद्दा, कारण त्यावर सगळ्यात जास्त टाळ्या पडतात. मॅकवर सेम-इनिट, म्हणजे बिननावाचा सेमाफोर तयार करणारे फंक्शन, हेडरमध्ये आहे. प्रोग्रॅम कंपाइल होतो, फार तर इशारा येतो. चालवल्यावर मात्र ते उणे एक परत देते आणि चूक सांगते: हे फंक्शन अमलात आणलेले नाही. सेम-गेटव्हॅल्यूचेही तेच. याची झळ पार पायथनपर्यंत पोचते. मल्टिप्रोसेसिंगच्या रांगेत किती वस्तू आहेत हे विचारणारे ‘क्यूसाइझ’ मॅकवर चालत नाही, आणि पायथनच्या कागदपत्रांत तसे स्पष्ट लिहिले आहे.

हे चांगले आहे असे मी म्हणणार नाही. फंक्शनचे नाव ठेवायचे आणि आतले काम काढायचे, हा विद्यार्थ्यांसाठी सापळाच आहे. दोन थ्रेड, प्रत्येकाने एका सामायिक आकड्यात लाख वेळा एक मिळवायचा, हा प्रयोग घ्या. लिनक्सवर उत्तर बरोबर दोन लाख. तोच प्रोग्रॅम मॅकवर नेला, सेम-इनिटने परत दिलेली किंमत तपासली नाही, तर पुढचे सेम-वेटही अपयशी ठरते आणि निमूट पुढे जाते. दोन्ही थ्रेड एकदम आत. उत्तर दर वेळी वेगळे आणि दोन लाखांपेक्षा कमी. मग पोरगा म्हणतो, सेमाफोर मॅकवर खराब आहे. सेमाफोर तयारच झाला नव्हता, आणि सिस्टीमने तसे सांगितलेही होते.

पण यावरून प्रमाणपत्र खोटे ठरते का? २००७ साली मॅक ओएस एक्स १०.५ ला मिळालेले प्रमाणपत्र युनिक्स ०३ या पायरीचे आहे, आणि ती पायरी पॉझिक्सच्या २००१ च्या आवृत्तीवर उभी आहे. त्या आवृत्तीत सेमाफोर हा ऐच्छिक भाग होता. ज्याला द्यायचा त्याने द्यावा, न देणाऱ्याला नापास करू नये. २००८ च्या आवृत्तीने तो मूळ भागात घेतला, सक्तीचा केला. ॲपलने जी परीक्षा दिली तिच्यात हा प्रश्न ऐच्छिक होता. नंतर अभ्यासक्रम बदलला म्हणून जुन्या गुणपत्रिकेला बनावट म्हणता येत नाही. टीका करायची असेल तर ॲपलवर करा, एवढ्या वर्षांत हे फंक्शन का भरले नाही म्हणून. मानकाने तर चूक ओळखून दुरुस्ती केली. २०२४ च्या आवृत्तीतही या भागात भर पडली. सेम-क्लॉकवेट आले, आणि थांबण्याची मुदत कोणत्या घड्याळाने मोजायची हे प्रोग्रॅमला सांगता येऊ लागले.

जाता जाता एक गोष्ट. अँड्रॉइडच्या बायोनिक लायब्ररीत बरोबर उलटे आहे. तिथे बिननावाचा सेमाफोर उत्तम चालतो आणि नावाचा, म्हणजे सेम-ओपन, ‘अमलात आणलेले नाही’ असे सांगतो. मॅकला शिव्या घालणारे अँड्रॉइडबद्दल चकार शब्द काढत नाहीत. खिशातल्या फोनला सगळे माफ असते बहुधा.

राहिला सिस्टीम फाइव्हचा पर्याय. ज्यांना तो बरा वाटतो त्यांनी तो मन लावून वापरलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे नाव नाही, आकडी किल्ली आहे. ती बनवायला ‘एफटॉक’ नावाचे फंक्शन देतात. ते एखाद्या फाइलच्या आयनोड क्रमांकाचे शेवटचे १६ बिट, डिव्हाइस क्रमांकाचे ८ आणि तुम्ही दिलेले ८ बिट घेऊन ३२ बिटांची किल्ली करते. मोठ्या डिस्कवर आयनोड लाखांनी असतात. त्यांतले १६ बिटच घेतले तर दोन वेगळ्या फाइलींची किल्ली एकच निघू शकते, आणि निघाली तर कोणी सांगायला येत नाही. दुसरे म्हणजे सेमाफोर तयार करणे आणि त्यात आकडा भरणे ही तिथे दोन वेगळी पावले आहेत. मधल्या क्षणात दुसरी प्रोसेस आली तर तिला न भरलेला सेमाफोर मिळतो. जीलिबसीने लिंक जोडून जी फट बुजवली, ती इथे रचनेतच उघडी आहे. लिनक्सवर बरीच वर्षे मुळात सेमाफोरांचे १२८ संच, एवढीच मर्यादा होती. मोठा डेटाबेस बसवताना ती आधी वाढवावी लागे. पोस्टग्रेसने १० व्या आवृत्तीपासून लिनक्सवर पॉझिक्सचे बिननावाचे सेमाफोर स्वीकारले ते उगीच नव्हे. सिस्टीम फाइव्हची एक गोष्ट मात्र मी मानतो, आणि ती पुढे येईल.

आता मानकाच्या खऱ्या उणिवेकडे येतो.

माझे गाव पुसेगाव, हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात. बाहेर नाव सांगितले की समोरचा हमखास विचारतो, सेवागिरी महाराजांचे का? ते पुसेगाव साताऱ्याचे, खटाव तालुक्यातले. दोन्ही गावे महाराष्ट्रातच, नावात एका अक्षराचाही फरक नाही. टपाल खात्याने आम्हाला नाव बदला म्हटले नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला श्रीराम भिकाजी वेलणकरांची पिन कोडची योजना लागू झाली. आमचा पिन ४३१ ने सुरू होतो, त्यांचा ४१५ ने, आणि पत्र वाट चुकत नाही. गावात टपाल कचेरी ग्रामपंचायतीच्या खोलीत असावी की भाड्याच्या घरात, यावर ती योजना अवाक्षर काढत नाही, आणि ते बरोबरच आहे.

पॉझिक्सवर आक्षेप घेणारे कचेरी कुठे आहे यावरून भांडतात. मानकात उणा आहे तो पिन. एका मशीनवर सेमाफोरच्या नावांचा एकच सपाट खण आहे. ‘/कुलूप’ हे नाव जो आधी घेईल त्याचे. त्या नावावर माझ्या प्रोग्रॅमचा हक्क आहे, माझ्या वापरकर्त्याचा आहे, माझ्या कंपनीचा आहे, असे सांगायची कोणतीही ठरलेली रीत नाही. पहिल्या रेघेनंतरच्या रेघांचा अर्थ ज्याने त्याने ठरवायचा असल्यामुळे ‘/माझीकंपनी/माझाप्रोग्रॅम/कुलूप’ असे टप्प्याटप्प्याचे नावही सगळीकडे चालेल याची खात्री नाही. लिनक्सवर ते सरळ नाकारले जाते. विंडोजला नावे ठेवणे ही आमच्याकडची जुनी हौस, पण तिथे निदान ‘लोकल’ आणि ‘ग्लोबल’ असे दोन खण आहेत आणि कोणत्या खणात नाव टाकतो ते नावातच लिहिता येते. १९९३ मध्ये एका यंत्रावर एकाच संस्थेचे दोन-चार प्रोग्रॅम चालत, तेव्हा हे खपून गेले. नंतर खपायला नको होते.

याचा त्रास कसा होतो ते प्रयोगशाळेत बघा. एका महाविद्यालयात मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. सगळ्या बॅचसाठी एकच लिनक्स सर्व्हर, सगळ्यांच्या हातात एकच छापील मॅन्युअल, आणि मॅन्युअलमधल्या उत्पादक-ग्राहक प्रयोगात सेमाफोरचे नाव ‘/सेम१’. पहिल्या विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम चालतो. दुसऱ्याला ‘परवानगी नाही’ असे उत्तर, कारण ते नाव पहिल्याच्या मालकीचे झाले आहे आणि इतरांना लिहिण्याची मुभा नाही. जिथे सगळ्यांचे लॉगिन एकच, तिथे तर आणखी मजा. एकाने सेम-पोस्ट केले की दुसऱ्याचा थांबलेला प्रोग्रॅम पुढे सरकतो आणि दोघांचीही उत्तरे चुकतात. तिसऱ्याने मध्येच कंट्रोल-सी दाबले. त्याचा प्रोग्रॅम मेला, सेमाफोर शून्यावर जिवंत राहिला. त्याने पुन्हा चालवला. सेम-ओपनला सुरुवातीचा आकडा एक दिला आहे, पण नाव आधीच अस्तित्वात असल्यामुळे तो आकडा विचारातच घेतला जात नाही. प्रोग्रॅम पहिल्याच सेम-वेटवर अडकला. पोरगा अर्धा तास आपल्या कोडमधली चूक शोधतो. शेवटी प्रयोगशाळेचा सहायक सर्व्हर रीस्टार्ट करतो, डेव्ह-एसएचएम साफ होते, सगळ्यांचे चालायला लागते, आणि जर्नलवर सही होते. शिकले काय? लिनक्स कधी कधी अडकतो, हे!

यातला शेवटचा प्रसंग मानकाची दुसरी उणीव दाखवतो. पॉझिक्सच्या सेमाफोरला मालक नसतो. ज्या प्रोसेसने तो कमी केला ती मेली, तर परत वाढवायची जबाबदारी कोणावरही नाही. सिस्टीम फाइव्हची मी मान्य केलेली गोष्ट हीच. तिथे ‘सेम-अंडू’ हा झेंडा लावला की प्रोसेस मरताना कर्नल तिचा हिशेब उलटा फिरवतो. २००८ मध्ये पॉझिक्सने म्यूटेक्ससाठी ‘रोबस्ट’ प्रकार आणला, मालक मेला तर पुढच्याला तशी सूचना मिळते. सेमाफोरला ती सोय दिली नाही. अडचण मला समजते. सेमाफोर एकाने कमी करायचा आणि दुसऱ्याने वाढवायचा, हा त्याचा रास्त वापर आहे, मग मालक कोणाला म्हणायचे? पण निदान ज्यांना हवा त्यांच्यासाठी पर्याय ठेवता आला असता. इथे मानकाने गप्प बसणे मला पटत नाही.

नावाच्या खणाबद्दलची ही उणीव जाणत्यांनी कशी टाळली ते पायथनमध्ये बघावे. मल्टिप्रोसेसिंगमधले कुलूप बनवताना पायथन ‘/एमपी-’ असा जोड देऊन पुढे स्वैर अक्षरे टाकतो, सेम-ओपनला ‘नाव आधी असेल तर नाकार’ असे बजावतो, आणि फोर्कची पद्धत असेल तर सेमाफोर हाती येताच ते नाव सेम-अनलिंक करून पुसून टाकतो. नाव पुसले तरी उघडलेला सेमाफोर शेवटची प्रोसेस बंद होईपर्यंत चालू राहतो, हे मानकाचेच वचन. म्हणजे नावाचा उपयोग क्षणभर, तोही कोणाशी टक्कर होऊ नये अशा बेताने. टक्करही नाही आणि मागे कचराही नाही, आणि हे सगळे मानकाच्या चौकटीत राहून.

नाव मागे ठेवणे खरोखर गरजेचे असेल तर आणखी एक धोका ठाऊक असावा. सिस्टीम-डीच्या लॉगिन व्यवस्थेत ‘रिमूव्ह-आयपीसी’ नावाची एक निवड आहे. ती चालू असली की साध्या वापरकर्त्याचे शेवटचे सेशन संपताच त्याची सामायिक मेमरी आणि सेमाफोर पुसले जातात. सेवा त्याच वापरकर्त्याच्या नावाने मागे चालू असेल तर तिच्या पायाखालची जमीन सरकते. पोस्टग्रेसच्या कागदपत्रांत याबद्दल स्वतंत्र इशारा आहे. याचाही ठपका मानकावर ठेवलेला मी ऐकला आहे, आणि तो सपशेल चुकीचा आहे. मानक म्हणते नाव काढेपर्यंत राहील, आणि इथे ते सिस्टीमच्याच एका भागाने काढले.

तेव्हा मानकाला झोडायचे असेल तर नेमके झोडा. नाव कुठे ठेवायचे हे न सांगणे हा त्याचा शहाणपणा होता. नाव कोणाचे हे न सांगणे ही त्याची चूक आहे, आणि मेलेल्या प्रोसेसचा हिशेब वाऱ्यावर सोडणे ही दुसरी. त्या शहाणपणावर दंगा करून या दोन्ही चुका झाकल्या जातात.

आणि ऑपरेटिंग सिस्टीम शिकवणाऱ्यांना, मग ते नांदेडचे असोत, हिंगोलीचे असोत की पुण्याचे, एक विनंती. पुढच्या सत्राच्या मॅन्युअलमधून ‘/सेम१’ काढून टाका. नावात विद्यार्थ्याचा वापरकर्ता क्रमांक घालायला लावा, एकूण नाव ३१ बाइटांच्या आत ठेवा म्हणजे मॅकवरही चालेल, प्रत्येक सेम-कॉलने काय परत दिले ते तपासायला लावा, आणि शेवटी सेम-अनलिंक नसेल तर जर्नलवर सही करू नका.